हेझल मॅकॅलियन: सलग ३६ वर्षं महापौर राहिलेल्या बाईंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेझल मॅकॅलियन कोण होत्या?

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, टोरांटोला पश्चिमेकडून चिकटून मिसिसागा नावाचं शहर आहे. त्या शहराच्या हेझल मॅकॅलियन १९७८ पासून २०१४ पर्यंत सलग महापौर होत्या. बारा वेळा निवडून आल्या, त्यातल्या दोन वेळा बिनविरोध. खुर्ची सोडली तेव्हा त्यांचं वय ९३ होतं, आणि तीही त्यांनी हरून सोडली नाही. पुन्हा उभं राहायचं नाही असं स्वतः ठरवून सोडली. २९ जानेवारी २०२३ रोजी, वयाच्या १०१व्या वर्षी, राहत्या घरी त्यांचं निधन झालं.

एवढी वर्षं एकाच माणसाच्या हाती शहर राहिलं की त्याच्याबद्दल दोनच सूर ऐकू येतात: एक आरतीचा, दुसरा शिव्यांचा. त्यांची कारकीर्द यापेक्षा जास्त समजून घेण्यासारखी आहे, म्हणून इथे जमा आणि खर्च दोन्ही बाजू मांडल्या आहेत.

घरात राजकारण होतं का?

नाही. त्यांचा जन्म १४ फेब्रुवारी १९२१ रोजी क्वेबेक प्रांतातल्या गॅस्पे किनाऱ्यावर, पोर्ट डॅनियल या गावी झाला. माहेरचं आडनाव जुर्नो. वडिलांचा मासेमारीचा आणि मासे डबाबंद करण्याचा धंदा होता, आई शेती पाहायची. महामंदीच्या काळात विद्यापीठात शिकायला पैसे नव्हते, ही खंत त्यांनी पुढे बोलून दाखवली आहे. सचिवाच्या कामाचं शिक्षण घेऊन त्या मॉन्ट्रियलमध्ये एका अभियांत्रिकी कंपनीत लागल्या आणि त्याच कंपनीच्या कामासाठी टोरांटोला आल्या. १९५१ मध्ये सॅम मॅकॅलियन यांच्याशी लग्न झालं. स्ट्रीट्सव्हिल गावात या जोडप्याने छपाईचा व्यवसाय केला, स्थानिक वृत्तपत्रही चालवलं. तीन मुलं झाली. सॅम १९९७ मध्ये गेले. शेवटच्या काळात त्यांना अल्झायमर होता, आणि महापौरपद सांभाळून त्यांचं आजारपण काढणं हे बाईंच्या आयुष्यातलं फारसं न बोललं गेलेलं प्रकरण आहे.

त्या पैसे घेऊन हॉकी खेळायच्या म्हणतात, ते खरं आहे का?

खरी गोष्ट आहे. तरुणपणी त्या मॉन्ट्रियलमध्ये महिलांच्या संघातून पैसे घेऊन बर्फावरची हॉकी खेळायच्या. एका सामन्याचे पाच डॉलर मिळत. ज्या काळात मुलींनी खेळून पैसे मिळवायचे ही कल्पनाच नव्हती, त्या काळातली ही गोष्ट.

त्यांना 'हरिकेन हेझल' हे टोपणनाव कुठून मिळालं?

ऑक्टोबर १९५४ मध्ये हेझल नावाच्या चक्रीवादळाने टोरांटो परिसरात हाहाकार केला होता, एकट्या ओंटारिओत ८१ माणसं दगावली होती. नाव जुळलं आणि बाईंचा स्वभावही जुळला. सभागृहात त्या कुणाची भीडभाड ठेवत नसत.

महापौर होण्याआधी त्या काय करत होत्या?

त्यांच्या राजकारणाची मुळं स्ट्रीट्सव्हिलमध्ये आहेत. तिथल्या नियोजन मंडळापासून सुरुवात करत त्या १९७० मध्ये त्या छोट्या गावाच्या महापौर झाल्या. प्रांतिक सरकारने मिसिसागा, पोर्ट क्रेडिट आणि स्ट्रीट्सव्हिल यांचं मिळून एक शहर करायचं ठरवलं, तेव्हा या विलीनीकरणाच्या विरोधात त्या हिरिरीने लढल्या. लढाई हरल्या. १ जानेवारी १९७४ रोजी मिसिसागा शहर अस्तित्वात आलं, आणि जे शहर होऊ नये म्हणून त्या भांडल्या होत्या त्याच शहराच्या त्या नगरसेवक झाल्या.

त्या मिसिसागाच्या पहिल्या महापौर होत्या असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. त्यांच्याआधी मार्टिन डॉबकिन आणि रॉन सर्ल हे दोघे होऊन गेले. १९७८ मध्ये पदावर असलेल्या सर्ल यांना त्यांनी सुमारे तीन हजार मतांनी हरवलं. पुढच्या निवडणुकांमधलं मताधिक्य पाहिलं की या पहिल्या विजयाची चुरस वेगळीच वाटते.

बारा कार्यकाळ म्हणजे ३६ वर्षं कशी?

ओंटारिओत पालिकेच्या कार्यकाळाची लांबी बदलत गेली. त्यांचे पहिले दोन कार्यकाळ दोन-दोन वर्षांचे होते, १९८२ पासूनचे आठ तीन-तीन वर्षांचे आणि २००६ व २०१० चे शेवटचे दोन चार-चार वर्षांचे.

तिथल्या महापौरांना आपल्याकडच्यापेक्षा जास्त अधिकार असतात का?

हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात हमखास येतो. आपल्याकडे महापौर नगरसेवकांमधून निवडला जातो, मुदत अडीच वर्षांची, आणि कारभाराच्या नाड्या आयुक्तांच्या हाती. मिसिसागात महापौर थेट मतदार निवडतात. पालिकेच्या निवडणुकीत पक्षांची चिन्हं नसतात, त्यामुळे पक्षाने तिकीट कापण्याचा प्रश्नच येत नाही.

पण कायद्याने मिळालेले अधिकार विचाराल, तर त्यांच्या काळात ते फारच थोडे होते. सभेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे असायचं, मात्र ठरावावर मत एकच, कुठल्याही नगरसेवकाइतकंच. नकाराधिकार नव्हता. रोजचा प्रशासकीय कारभार शहर व्यवस्थापक पाहायचा. मोठ्या शहरांच्या महापौरांना विशेष अधिकार देणारा कायदा मिसिसागाला लागू झाला तो जुलै २०२३ मध्ये, बाई गेल्यानंतर.

मग एवढा दबदबा आला कुठून? माझ्या मते तो त्यांच्या टिकून राहण्यातून आला. नगरसेवक येत-जात राहिले, अधिकारी निवृत्त झाले, ओंटारिओचे प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, बदलले, बाई मात्र तिथेच. कुठल्या रस्त्याखाली कुठली वाहिनी गेली आहे, कोणत्या भूखंडावर कोणत्या अटी घातल्या होत्या, कोणत्या वर्षी प्रांताने काय कबूल केलं होतं, हे सगळं ज्याला तोंडपाठ असतं त्याच्या एका मताला आपोआप दहा मतांचं वजन येतं. त्यातच निवडणुकीत तो माणूस हरत नाही हे सगळ्यांना ठाऊक असेल, तर त्याच्याविरुद्ध हात वर करायला कोण धजावेल? या ताकदीला कायद्याने मर्यादा घालता येत नाही. म्हणूनच ती जितकी उपयोगी पडली, तितकीच पुढे अडचणीची ठरली.

१९७९ च्या रेल्वे अपघातात नेमकं काय झालं?

१० नोव्हेंबर १९७९, शनिवार, मध्यरात्रीला सात मिनिटं कमी. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेची १०६ डब्यांची मालगाडी मिसिसागातून जात होती. एका डब्याच्या आसाच्या बेअरिंगला पुरेसं वंगण नव्हतं. ते तापून लाल झालं, आस तुटला, चाकं निखळली आणि मॅव्हिस रोडच्या फाटकाजवळ वीसहून अधिक डबे रुळावरून घसरले. प्रोपेनच्या टाक्यांचे स्फोट झाले. त्याहून मोठा धोका होता क्लोरीनने भरलेल्या एका टाकीचा, कारण ती फुटली होती आणि विषारी वायू बाहेर येत होता.

वाऱ्याची दिशा बदलेल तसा रिकामा करायचा भाग वाढत गेला. रुग्णालय रिकामं केलं, वृद्धाश्रम रिकामे केले, आणि दोन लाखांहून अधिक लोकांना घराबाहेर काढलं. बहुतेक लोक तीन-चार दिवसांत परतले, टाकीच्या अगदी जवळच्या भागातल्यांना १६ तारखेपर्यंत थांबावं लागलं. एकही माणूस दगावला नाही. शांततेच्या काळातलं उत्तर अमेरिकेतलं हे सर्वात मोठं स्थलांतर मानलं जायचं, २००५ मध्ये न्यू ऑर्लिन्स रिकामं होईपर्यंत.

महापौर होऊन त्यांना तेव्हा जेमतेम एक वर्ष झालं होतं. धावपळीत पाय मुरगळला, तरी लंगडत त्या पत्रकार परिषदांना येत राहिल्या, आणि तेच चित्र देशभर गेलं. इथे श्रेय नीट वाटून द्यायला हवं. लोकांना बाहेर काढण्याचं प्रत्यक्ष काम, मिसिसागा ज्या पील विभागात येतं तिथल्या पोलिसांनी आणि अग्निशमन दलाने केलं, आणि प्रांताचे मंत्री रॉय मॅकमर्ट्री जागेवर येऊन निर्णय घेत होते. महापौरांनी काय केलं? माहिती दडवली नाही, वेळेवर सांगितली आणि स्वतः लोकांना दिसत राहिल्या. ऐन संकटात हे काम छोटं नसतं. अफवा पसरायला जागाच उरली नाही, हे त्या आठवड्याचं मोठं यश आहे आणि त्यात त्यांचा वाटा निश्चित आहे.

शहर कर्जमुक्त कसं ठेवलं?

याच एका गोष्टीवर त्यांची ख्याती उभी आहे, म्हणून जरा सविस्तर.

शेतजमिनीवर नवी वसाहत झाली की तिला रस्ते लागतात, पाणी-सांडपाणी लागतं, अग्निशमन केंद्र, वाचनालय, बाग लागते. हा खर्च कुणी करायचा? जुन्या रहिवाशांच्या मालमत्ता करातून केला, तर नव्या घरांचं ओझं जुन्यांवर पडतं. बाईंचं म्हणणं सरळ होतं: वाढीचा खर्च वाढीनेच उचलावा. बांधकामाची परवानगी घेतानाच विकासकाने दर घरामागे शुल्क भरायचं. ओंटारिओत याला विकास शुल्क म्हणतात. मिसिसागाने ते जोमाने वसूल केलं, राखीव निधी साठवला आणि त्यातून सोयी उभ्या केल्या.

आणि वाढ तर धो धो होत होती. १९७६ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे अडीच लाख होती, २०११ मध्ये ती ७ लाख १३ हजारांवर गेली. शेजारी टोरांटो, हद्दीतच देशातला सर्वात मोठा विमानतळ, महामार्गांचं जाळं आणि हाताशी मोकळी जमीन. कंपन्या आल्या, गोदामं आली, घरं आली. दशकानुदशकं महापालिकेवर कर्ज नव्हतं आणि कर शेजारच्या शहरांच्या मानाने आटोक्यात होता. महापौरांनी शहर एखाद्या काटकसरी गृहिणीसारखं चालवलं, असं म्हटलं जायचं आणि त्यांना ते आवडायचंही. खर्चाच्या बाबतीत त्या खरोखरच कडक होत्या, हे त्यांचे विरोधकही नाकारत नाहीत.

मग टीका कशाची होते?

त्याच हिशेबाच्या दुसऱ्या बाजूची. विकास शुल्क कायद्याने फक्त वाढीसाठी लागणाऱ्या भांडवली कामांवर खर्च करता येतं. जुना पूल दुरुस्त करायला, वाचनालयातल्या माणसांचे पगार द्यायला ते वापरता येत नाही. मोकळी जमीन आहे तोवर शुल्क येत राहतं आणि नव्या कोऱ्या रस्त्यांना दुरुस्तीही लागत नाही. जमीन संपली की येणं आटतं, आणि नेमके तेव्हाच तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे रस्ते, पूल, इमारती एकदम म्हाताऱ्या होतात. मिसिसागाचं तेच झालं. त्यांच्या शेवटच्या कार्यकाळात महापालिकेला कित्येक दशकांनंतर कर्ज काढावं लागलं.

दुसरी गोष्ट शहराच्या रचनेची. मेडोव्हेल, एरिन मिल्ससारख्या भागांत गेलं की लक्षात येतं: वळसे घेत जाणाऱ्या, पुढे बंद होणाऱ्या गल्ल्या, गॅरेज पुढे काढलेली घरं आणि घरांच्या कुंपणाला पाठ लावून जाणारे सहापदरी रस्ते. बस थांब्यापर्यंत सरळ चालत जायची वाट नसते. दुधाची पिशवी आणायची तरी गाडी काढायची. अशी विरळ वस्ती एकदा उभी राहिली की तिथे किफायतशीर सार्वजनिक वाहतूक बसवणं फार अवघड जातं, कारण दर थांब्याला पुरेसे प्रवासीच मिळत नाहीत. शहराचं केंद्र म्हणून जे आहे, तेही १९७३ मध्ये शेतात उभ्या राहिलेल्या स्क्वेअर वन या मॉलभोवती नंतर रचलेलं.

माझं म्हणणं एवढंच, की करातली बचत आणि पसरलेली वस्ती या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पहिली दुसरीतूनच आली. कौतुक करणारे पहिलीच सांगतात आणि टीकाकार दुसरीच, त्यामुळे दोघांचंही चित्र अर्धं राहतं.

त्यांनी धोरण कधी बदललं का?

हो, उशिरा पण बदललं. २००० नंतर त्यांनी मध्य ओंटारिओच्या सुनियोजित वाढीसाठी प्रांताने नेमलेल्या समितीचं अध्यक्षपद घेतलं आणि पसरत्या शहरांविरुद्ध उघड बोलू लागल्या. मॉलच्या परिसरात उंच इमारतींना जागा दिली गेली. ५६ आणि ५० मजल्यांचे ॲब्सोल्यूट वर्ल्ड हे वळणदार मनोरे त्याच काळातले. महापालिकेसमोर माणसांनी जमावं असा मोठा चौक २०११ मध्ये झाला. त्या चौकात आज कोणत्याही सणाला गर्दी असते, आणि तो वीस वर्षं आधी व्हायला हवा होता असं वाटल्यावाचून राहत नाही.

हितसंबंधांचं प्रकरण काय होतं?

दोन प्रकरणं आहेत, आणि ती एकात एक मिसळू नयेत.

पहिलं १९८२ चं. ज्या जमिनी विकासासाठी खुल्या करायच्या होत्या, त्यांत त्यांच्या कुटुंबाची जमीन होती, तरी त्या सभेतून उठून गेल्या नाहीत. न्यायालयाने कायद्याचा भंग झाल्याचं ठरवलं, पण ती प्रामाणिकपणे झालेली चूक मानून पद काढून घेतलं नाही.

दुसरं जास्त गंभीर. शहराच्या केंद्रात आलिशान हॉटेल आणि परिषद केंद्र उभारण्याच्या प्रकल्पात त्यांच्या मुलाचा आर्थिक वाटा होता. तो करार मार्गी लागावा म्हणून महापौरांनी पडद्याआड शब्द टाकला, असा आरोप झाला. नगरसेवकांनी मागणी केल्यावर न्यायालयीन चौकशी बसली. न्यायमूर्ती डग्लस कनिंगहॅम यांनी ऑक्टोबर २०११ मध्ये अहवाल दिला: हितसंबंधांचा संघर्ष नुसता भासणारा नव्हता, खराखुरा होता. प्रकल्प झाला असता तर मुलाला लाखो डॉलरचा फायदा झाला असता. मात्र तेव्हाचा पालिका हितसंबंध कायदा मुख्यतः सभेतल्या चर्चेला आणि मतदानाला लागू होता. सभागृहाबाहेरच्या बैठका आणि फोन त्याच्या कक्षेत नीट येत नव्हते, म्हणून अहवालात कायदा सुधारण्याची शिफारस केली गेली. यानंतर, एका ठरावावरच्या त्यांच्या मतदानाला आव्हान देऊन त्यांना पदावरून दूर करावं असा अर्ज एका नागरिकाने केला होता. न्यायालयाने तो २०१३ मध्ये फेटाळला.

कायदेशीर कारवाईतून त्या सुटल्या हे खरं, पण अहवालाने ठेवलेला ठपका त्यामुळे पुसला जात नाही. मघाशी म्हटलं ते वजन, ते कायद्यात न बसणारं वजन, आपल्या माणसाच्या प्रकल्पामागे उभं राहिलं की काय होतं, याचं हे उदाहरण आहे. तीस वर्षं पदावर असलेल्या महापौरांचा नुसता फोन आला, तरी अधिकाऱ्याला त्यात हुकूम ऐकू येतो.

तरीही त्या निवडून येत राहिल्या?

२०१० ची निवडणूक झाली तेव्हा चौकशी सुरूच होती, आणि त्यांना सुमारे ७६ टक्के मतं मिळाली. त्याआधी २००६ मध्ये ती ९० टक्क्यांच्या वर होती. मतदारांनी चौकशी मनावर घेतलीच नाही असं नाही, पण खुर्ची हलेल इतकीही घेतली नाही.

त्या प्रचार करत नसत हे खरं आहे का?

बव्हंशी खरं. उत्तरार्धात त्या निवडणुकीसाठी देणग्या घेत नसत. पैसे द्यायचे असतील तर धर्मादाय संस्थेला द्या, असं सांगत. घरोघरच्या फलकांचीही गरज पडली नाही. पण वर्षाचे बाराही महिने कार्यक्रम, उद्घाटनं, शाळा, मंदिरं, मशिदी, गुरुद्वारे यांत हजर असणाऱ्या महापौरांना वेगळ्या प्रचाराची गरज काय? समोर उभं राहणाऱ्याला मात्र नाव माहीत करून देण्यापासून सुरुवात करावी लागे. तगडा उमेदवार त्यामुळे फिरकतच नसे, आणि सभागृहातला विरोध दुबळा राहिला.

स्थलांतरितांशी त्यांचं नातं कसं होतं?

मिसिसागातले निम्म्याहून अधिक रहिवासी कॅनडाबाहेर जन्मलेले आहेत, आणि दक्षिण आशियातून आलेल्यांची संख्या मोठी आहे. बहुतेकांच्या आठवणीत त्या आपल्या समारंभाला आवर्जून येणाऱ्या महापौर म्हणूनच आहेत. मात्र २००१ मध्ये रुग्णालयातल्या गर्दीवर बोलताना, तिथे आपापल्या देशाच्या पोशाखातले लोक भरलेले असतात, अशा अर्थाचं विधान त्यांनी केलं आणि त्यावरून वादळ उठलं. ते विधान दुखावणारं होतं. कारकीर्द मांडताना ते वगळलं, तर ज्यांना ते लागलं त्यांच्यावर अन्याय होईल.

जगाने त्यांची दखल घेतली का?

२००५ मध्ये त्यांना 'ऑर्डर ऑफ कॅनडा' हा सन्मान मिळाला. त्याच वर्षी जागतिक महापौर पुरस्काराच्या स्पर्धेत त्या दुसऱ्या आल्या. पहिल्या होत्या अथेन्सच्या डोरा बाकोयानिस.

निवृत्तीनंतर काय केलं?

स्वस्थ बसल्या नाहीत. २०१७ मध्ये, ९६व्या वर्षी, टोरांटोच्या विमानतळ प्राधिकरणाच्या संचालक मंडळावर त्यांची नेमणूक झाली, आणि शंभरी ओलांडल्यावर मुदतवाढही मिळाली. २०१४ च्या निवडणुकीत त्यांनी बॉनी क्रॉम्बी यांना पाठिंबा दिला होता आणि क्रॉम्बी महापौर झाल्या. मॅकॅलियन यांच्या निधनानंतर प्रांताने शासकीय इतमामात अंत्यसंस्कार केले, ते १४ फेब्रुवारी २०२३ रोजी, त्यांच्या वाढदिवशी.

त्यांचं नाव शहरात कुठे दिसतं?

शेरिडन महाविद्यालयाचा मिसिसागातला परिसर त्यांच्या नावाने आहे. हुरॉन्टारिओ रस्त्यावरच्या नव्या हलक्या रेल्वेमार्गालाही २०२२ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. गाडीशिवाय ज्या शहरात पान हलत नाही, तिथे रेल्वेला त्यांचं नाव मिळालं ही मला योग्य गोष्ट वाटते. शेवटच्या दशकात अशा वाहतुकीचा आग्रह त्यांनी मनापासून धरला होता.

पील विभागातून बाहेर पडण्याच्या मागणीचं काय झालं?

मिसिसागा, ब्रॅम्प्टन आणि कॅलेडन या तिन्हींवर पील विभागाची एक वरची पालिका आहे. बाईंच्या काळात पोलीस, पाणी, मोठे रस्ते तिच्याकडे असायचे. आपण भरतो जास्त आणि मतं कमी, अशी मिसिसागाची तक्रार जुनी आहे आणि बाईंनी ती वर्षानुवर्षं लावून धरली. २००५ मध्ये मिसिसागाला विभागीय सभागृहात दोन जागा वाढवून मिळाल्या, स्वातंत्र्य नाही. त्यांच्या निधनानंतर काही महिन्यांतच, जून २०२३ मध्ये, पील विभाग बरखास्त करणारा कायदा प्रांताने मंजूर केला आणि त्याला हेझल मॅकॅलियन यांचंच नाव दिलं. पण विभागणीचा खर्च आणि कर वाढण्याची भीती पुढे आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरकारने बरखास्तीचा निर्णय मागे घेतला, आणि मिसिसागा अजूनही पीलमध्येच आहे.